तळ्यावरचा हिरवा तवंग

संध्याकाळी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलेलं तळं दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या तवंगाखाली झाकलेलं असतं. ऊन चढतं, दुपारपर्यंत तवंग विरळ होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की वाऱ्याने वाहून नेला असेल. वारा त्याला काठाला लोटतो हे खरं. पण पुष्कळदा तो तवंग आपणहून खाली गेलेला असतो. हात-पाय नाहीत, शेपूट नाही, पोहायचं कसलंही साधन नाही, असा एकपेशीय जीव रोज पाण्यात वर येतो आणि खाली जातो. हे त्याला कसं जमतं ते कळलं की आपल्या गावच्या तळ्याबद्दलच्या कितीतरी समजुती बदलाव्या लागतात. त्यातल्या काही समजुती धोक्याच्या आहेत.

या जिवाचं नाव मायक्रोसिस्टिस. शाळेच्या पुस्तकात त्याच्या कुळाला नीलहरित शेवाळ म्हटलेलं असतं, पण हे शेवाळ नव्हे. हे सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणारे जिवाणू. मायक्रोसिस्टिसची एक पेशी साधारण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. अशा शेकडो पेशी बुळबुळीत आवरणात एकत्र राहतात, आणि ती वसाहत मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते. तळ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं की हिरवी बारीक कणी तरंगताना दिसते, तिच्यातला एकेक कण म्हणजे एकेक वसाहत.

आपण श्वास घेतो तो या कुळाच्या कृपेने. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो सायनोबॅक्टेरियांनी तयार केलेला. आंब्याच्या पानातलं हरितद्रव्य ज्या सूक्ष्म कणांत असतं, ते कणही एका प्राचीन सायनोबॅक्टेरियाचे वंशज आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरात वाढणारी स्पिरुलिना याच गोतातली, आणि तिच्याच जातभाईंच्या गोळ्या पौष्टिक म्हणून औषधाच्या दुकानात मिळतात. तेव्हा या कुळाला सरसकट विषारी ठरवणं चूक. पण त्यातले काही जण भयंकर विषारी आहेत, आणि आपल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत मायक्रोसिस्टिस त्यांतला सर्वांत परिचित.

आता त्याच्या वर-खाली जाण्याकडे येऊ. १८९५ साली हाइनरिश क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. त्याने असं हिरवं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं, बूच घट्ट बसवलं आणि बुचावर हातोडीचा एक घाव घातला. घावासरशी आतला दाब क्षणभर प्रचंड वाढला, आणि पाण्याचं रूप पालटलं. धुरकट हिरवं पाणी गडद आणि पारदर्शक दिसू लागलं. काही वेळाने पाहिलं तर, एरवी पृष्ठभागावर जमा झाल्या असत्या त्या सगळ्या पेशी तळाशी बसल्या होत्या. पेशी तशाच होत्या, पण त्यांच्या आतलं, त्यांना तरंगत ठेवणारं काहीतरी चिरडलं गेलं होतं. ते नेमकं काय, हे स्पष्ट दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची आणि १९६५ सालाची वाट पाहावी लागली.

त्या होत्या वायुपुटिका. प्रथिनांची पोकळ नळकांडी, दोन्ही टोकांना निमुळती. मायक्रोसिस्टिसमधल्या एका नळकांड्याची जाडी इतकी कमी की एका मिलिमीटरच्या जागेत अशी सुमारे चौदा हजार नळकांडी शेजारीशेजारी मावतील. भिंत तर त्याहूनही कितीतरी पातळ, साधारण दोन नॅनोमीटर. आणि खरी कमाल पुढेच आहे. या नळकांड्यांत हवा भरावी लागत नाही. भिंतीतून वायू मोकळेपणाने ये-जा करतो, पण भिंतीची आतली बाजू पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पेशी फक्त भिंत बांधते, पोकळी आपोआप कोरडी राहते. पाण्याच्या आत, पाण्यानेच भरलेल्या पेशीच्या आत, कोरडी जागा राखण्याचं हे तंत्र! मी याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

नळकांडी असल्यावर पेशी कायम वरच राहायला हवी. मग ती खाली कशी जाते? दिवसभर उन्हात ती पिष्टमय पदार्थ तयार करून साठवते. हा साठा पाण्यापेक्षा जड. ऊन चढत जातं तसतशी त्या ओझ्याने वसाहत बुडू लागते आणि खालच्या थरात पोचते, जिथे अन्नद्रव्यं जास्त असतात. रात्री साठा खर्च होतो, वसाहत हलकी होते आणि पुन्हा वर येते. पहाटे वारा पडलेला असेल तर लक्षावधी वसाहती एकाच वेळी पृष्ठभागावर जमतात. साध्या हिरव्या शेवाळाला हे जमत नाही. ते जिथे असेल तिथे मिळेल त्या उजेडावर भागवतं, आणि मायक्रोसिस्टिस वरून त्याचा उजेडही अडवतो.

याचा पाण्याच्या सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. दुपारी तळ्याच्या मधून घेतलेला नमुना स्वच्छ निघाला म्हणून सकाळी काठावरचं पाणी सुरक्षित होतं असं म्हणता येत नाही. तवंग वर आला की हलका वारादेखील त्याला एका काठाला ढकलतो, आणि अख्ख्या तळ्यात विखुरलेलं विष त्या एका पट्टीत गोळा होतं. जनावरं पाण्यावर येतात ती काठावरच, आणि मुलं डुंबतात तीही काठावरच. कुत्रा तर पाण्यातून बाहेर येऊन अंगाला चिकटलेला तवंग चाटून साफ करतो, म्हणून जगभर या विषाने कुत्री मरण्याच्या नोंदी इतक्या आहेत. ऑस्ट्रेलियात जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेली नोंद या विषयातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. तीही तळ्याकाठी पाणी पिऊन मेलेल्या जनावरांचीच आहे.

मायक्रोसिस्टिसच्या विषाला मायक्रोसिस्टिन म्हणतात. सात अमिनो आम्लांची ही साखळी दोन्ही टोकं जोडून गोल झालेली आहे. रेणू मोठा असल्यामुळे तो बहुतेक पेशींच्या आत जाऊच शकत नाही. पण यकृताच्या पेशींना पित्ताम्लं आत घेण्यासाठी खास वाटा असतात, आणि मायक्रोसिस्टिन नेमक्या त्याच वाटांनी आत शिरतं. तिथे ते पेशीचं कामकाज नियंत्रित करणाऱ्या काही विकरांना असं जखडतं की पेशीचा आतला सांगाडाच कोसळतो. यकृताची वीण सुटते आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होतं. त्याने बळी घेतलेल्या रुग्णांची संख्या ५२ धरली जाते.

विस्मयाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हे विष तयार करणाऱ्या जनुकांचा वंशवृक्ष मांडला तेव्हा असं दिसलं की ही जनुकं प्राण्यांच्या उदयाहूनही जुनी आहेत. म्हणजे हे विष ना आपल्यासाठी बनलं, ना गुराढोरांसाठी. पृथ्वीवर यकृत नावाची गोष्टच नव्हती तेव्हापासून ते आहे.

पिण्याच्या पाण्यात ते किती चालतं? जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर प्यायच्या पाण्यासाठी लिटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडचं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळं डोळ्यांसमोर आणा. उतार धरून त्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. तेवढ्या पाण्यात ही मर्यादा गाठायला दोन ग्रॅम विष पुरतं.

पाण्याची शंका आली की ‘उकळून प्या’ हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे, आणि कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांच्यापुरतं ते सोळा आणे खरं आहे. इथे ते लागू पडत नाही. मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. उलट उकळण्याने पेशी फुटतात, विष पाण्यात मोकळं होतं, आणि वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात, ईरी सरोवरातल्या सायनोबॅक्टेरियाच्या अशाच बहरामुळे, हे विष आढळलं. जवळपास पाच लाख लोकांना सांगण्यात आलं की नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. हा आदेश उठायला जवळजवळ तीन दिवस लागले.

दुसरी सवय औषध टाकण्याची, आणि तिची कहाणी अधिक बोलकी आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ पाम बेट आहे. तिथे बहुतांश आदिवासी वस्ती. त्यांचं पिण्याचं पाणी सॉलोमन धरणातून येई. १९७९ साली त्या पाण्यावर दाट बहर आला आणि वास-चवीच्या तक्रारी सुरू झाल्या. उपाय म्हणून धरणात मोरचूद टाकलं. द्राक्ष बागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तेच मोरचूद. थोड्याच दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यांतली १३८ मुलं. उलट्या, सुजलेलं यकृत, नंतर रक्ताचे जुलाब, मूत्रपिंडावर परिणाम. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण कारण कळेना. पाम बेटाचा गूढ आजार असंच त्याचं नाव पडलं. पुढे त्या धरणातला एक वेगळा सायनोबॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढवला तेव्हा उलगडा झाला. त्याच्या विषाची रचना तर १९९२ साली समजली.

मोरचुदाने आपलं काम चोख केलं होतं. पेशी मेल्या, फुटल्या, आणि त्यांच्या पोटातलं विष एकदम पाण्यात उतरलं. पेशी जिवंत आणि अखंड असतील तर बरंचसं विष पेशीतच राहतं, आणि गाळणीवर ती विषासकट काढता येते. पाण्यात विरघळलेलं विष साध्या वाळूच्या गाळणीत थांबत नाही. तुरटी फिरवली तर पेशी खाली बसतात, विरघळलेलं विष तसंच राहतं. म्हणून पिण्याचं पाणी ज्या तळ्यातून उचलतात, त्यावर दाट तवंग असताना मोरचूद टाकणं हा मला उपाय वाटत नाही, तो अपघात वाटतो.

मग मुळावर घाव कुठे घालायचा? याचं उत्तर कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका सरोवराने दिलं. त्या सरोवराला नाव नाही, आकडा आहे: २२६. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याच्या मधोमध, जिथे ते अरुंद होतं तिथे, विनाईलचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत साखर आणि नायट्रेट घातलं. एका भागात त्यासोबत फॉस्फेटही. त्यानंतर विमानातून घेतलेला फोटो पर्यावरणशास्त्रातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक ठरला. पडद्याच्या एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवंगार. फरक होता फक्त फॉस्फरसचा. शेवाळ कार्बनमुळे वाढतं असं सांगून कपड्यांच्या साबणातलं फॉस्फेट वाचवू पाहणाऱ्यांना याहून चोख उत्तर देता आलं नसतं. पुढे अनेक ठिकाणी साबणातल्या फॉस्फेटवर निर्बंध आले, त्यामागे या फोटोचा वाटा मोठा आहे.

आपल्या तळ्यांत फॉस्फरस येतो तो सांडपाण्यातून, गुरांच्या शेणातून, शेतातून वाहून आलेल्या डीएपी खतातून, काठावर धुतलेल्या कपड्यांतून, पाण्यात सोडलेल्या निर्माल्यातून. एक किलो फॉस्फरसवर शेकडो किलो ओलं शेवाळ पोसलं जातं. कोल्हापूरकरांनी आपला रंकाळा हिरवा झालेला पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात एक चिवट अडचण आहे. आलेला फॉस्फरस गाळात बसून राहतो, आणि तळाचा प्राणवायू संपला की तोच पुन्हा पाण्यात उतरतो. त्यामुळे आज नाला वळवला तरी तळं काही वर्षं हिरवं होतच राहतं. म्हणून काम सोडायचं नाही. गाळ काढणं आणि सांडपाणी अडवणं ही दोन्ही कामं बरोबरच व्हायला हवीत.

तोवर ओळखायचं कसं? हातमोजा घालून एक काठी तवंगात फिरवा. केसांच्या गुंत्यासारख्या लांब दोऱ्या काठीला अडकून आल्या तर ते बहुधा साधं शेवाळ. तैलरंगात बुडवल्यासारखा काठीवर हिरवा थर चढला तर सायनोबॅक्टेरियाची शंका घ्या. किंवा पारदर्शक बाटली तीन-चतुर्थांश भरा, झाकण लावा, बाहेरून पुसून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलेलं असेल तर दिलासा. वर जाड थर जमला असेल तर तो वायुपुटिकांचा पुरावा. काठच्या दगडांवर निळसर, आकाशी डाग दिसले तर तेही लक्षात ठेवा. मेलेल्या पेशींतून निळं रंगद्रव्य बाहेर पडतं, त्याचे ते डाग असतात. मात्र यांतली कुठलीच चाचणी विष आहे की नाही ते सांगत नाही. एकाच तळ्यात विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस शेजारीशेजारी वाढतात, सूक्ष्मदर्शकाखालीही सारखेच दिसतात, आणि फरक कळतो तो फक्त प्रयोगशाळेत.

ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुढे उन्हाळ्यात, पाणी साचलेलं, तापलेलं आणि वारा पडलेला असताना तळ्यावर नजर ठेवा. तवंग दिसला तर मुलांना पोहायला सोडू नका आणि जनावरं दुसऱ्या पाण्यावर न्या. अंगाला लागला असेल तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. मासे आणले तर आतडी आणि यकृत काढून टाका, कारण विष तिथेच जास्त साठतं. तवंगाच्या पाण्यानंतर जनावर मलूल झालं किंवा मुलाला उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना तळ्याचं पाणी पोटात गेल्याचं आधी सांगा. मायक्रोसिस्टिनवर उतारा उपलब्ध नाही. म्हणून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला तवंग दिसल्या दिवशीच कळवा, आणि पाण्याचा नमुना सकाळी, तवंग जमलेल्या काठावरूनच घ्या असा आग्रह धरा.