महाडची वाढ आणि सावित्रीचा हक्क

गावाची वाढ ही समृद्धीची खूण मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ती वाढ कोणाच्या जागेवर होते, हे पाहिल्यावाचून तिचे अभिनंदन करता येत नाही. महाड व पोलादपूर यांच्यापुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते, महाडपाशी तिला गांधारी मिळते, आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढत असते. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला नदी. मधली सपाट जमीन ती काय थोडीच! तिच्यावरच आता महामार्गाच्या कडेने भराव पडत आहेत, भाताची खाचरे बुजत आहेत आणि गुंठ्यागुंठ्यांनी विकली जात आहेत.

खाचर म्हणजे केवळ पीक काढण्याची जागा नव्हे. पावसाचे पाणी बांधाबांधाला अडविणारे आणि पुराला पसरू देणारे ते नदीचे राखीव पात्रच होय. ते बुजविल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाते. फैलाव गावाबाहेर होतो, शिक्षा मात्र बाजारपेठ भोगते. जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले ते अतिवृष्टीने, हे खरे. पण म्हणून पाण्याची वाट आपणच अरुंद करीत राहावे काय?

त्याच २२ जुलैला तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही बळी पडले. २००५ साली दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते यांनी हेच दुःख सोसले होते. या दरडी शहराच्या फैलावामुळे कोसळल्या, असे आम्ही म्हणत नाही. पण उतारावरच्या वाड्या हलवावयाच्या तर सुरक्षित सपाट जमीन हवी. वर्षातले अकरा महिने कुलूप असणाऱ्या बंगल्यांत ती अडकली, तर या लोकांनी जावे कोठे? गावाकडे हौसेने भूखंड घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांनीही या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. महाडने पसरू नये. आहे त्या जागी उंच व्हावे. चवदार तळ्याभोवतीच्या जुन्या महाडात बाजार, शाळा, रस्ते, नळ सारे हाताशी आहे. यावर आक्षेप येईल की, जे गाव बुडते तेथेच वस्ती दाट करणे हे संकटाला निमंत्रण नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच सरसकट दाटी आम्हांला मान्य नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर नकोच. दोन्ही रेषांच्या मध्ये तळमजला पाण्यासाठी मोकळा ठेवूनच वर राहावे. लाल रेषेपलीकडे, पण गावाला लागूनच, मजले वाढू द्यावेत.

अर्थात उंच घर म्हणजे भक्कम घर नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधीलच एक पाच मजली इमारत कोसळून सोळा जण दगावले. मजल्यांना परवानगी देणाऱ्याने बांधकामाच्या तपासणीची जबाबदारीही उचलली पाहिजे. लंडनभोवती हरितपट्टा राखण्याचा कायदा १९३८ साली झाला. शहराचा फैलाव त्यामुळे रोखला गेला, पण आत पुरेशी घरे न झाल्याने भाव चढले. म्हणजे बाहेर नकार देताना आत होकार द्यावा लागतो. सामान्य नोकरदाराला गावात परवडणारे घर मिळाले नाही, तर तो नाइलाजाने बुजविलेल्या खाचराकडेच वळेल.

पोलादपूर अजून लहान आहे. तेथे ही मर्यादा आजच आखता येईल. महाडला उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. सावित्री आपला हक्क अर्ज करून मागत नाही. ती तो पावसाळ्यात वसूल करते. तिची जागा आपण होऊन तिला सोडण्यातच शहाणपण आहे.