गाडी मिळते, फेरीचं काय?

पुण्याजवळच्या दिघी-भोसरी-आळंदी पट्ट्यात गणेशोत्सवाला किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला रुग्णवाहिकेचं लोकार्पण होतं. नारळ फुटतो, किल्लीसह फोटो निघतो, काचेवर देणगीदाराचं नाव रुग्णवाहिका या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलं जातं. पुढे टायर, इन्शुरन्स, पासिंग आणि चालकाचा पगार. यांच्यासाठी कुणी फ्लेक्स लावत नाही.

अपघात, हृदयविकार, अडलेलं बाळंतपण यांच्यासाठी 2014 पासून राज्यात 108 ही रुग्णवाहिका सेवा आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला दिघीहून पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात जाणाऱ्याला सायरन नको असतो, वेळेवर गाडी हवी असते. चार तास यंत्रावर काढल्यावर बसची पायरी चढवत नाही आणि रोजची रिक्षा परवडत नाही. मंडळांच्या, ट्रस्टच्या गाड्यांचं खरं काम इथेच आहे.

त्यासाठी लागणारी विद्या शेजारी भोसरीत शिकवतात. 1967 साली स्थापन झालेली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, सगळे म्हणतात ती सीआयआरटी, देशभरच्या एसटी महामंडळांच्या अधिकाऱ्यांना घडवत आली आहे. के.एम.पी.एल. (लिटरमागे किलोमीटर), किलोमीटरमागचा खर्च, डेड किलोमीटर हे तिथले रोजचे शब्द. रुग्णाला सोडून रिकामी परतलेली गाडी म्हणजे डेड किलोमीटर. डेपो मॅनेजर वेळा जुळवून त्याच फेरीत दुसरा रुग्ण घेईल. मंडळाचा खजिनदार डिझेलची पावती फाइलला लावून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

‘मोफत सेवा’ हा फलक मला तरी धास्तीचा वाटतो. मुंबईत 2005 साली सुरू झालेल्या झिकित्झाच्या 1298 रुग्णवाहिका सेवेने वेगळा मार्ग काढला: खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण दर, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला सवलत. ती कंपनी होती, धर्मादाय संस्था नव्हे; पण गाडी रस्त्यावर राहायची तर पैसा कुठून तरी यावा लागतो, हे तिने आधीच मांडून घेतलं होतं.

ब्रिटनमध्ये लोकांची ने-आण करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या चालकांसाठी ‘मिडास’ नावाचं प्रशिक्षण आहे. चाकांची खुर्ची गाडीत चढवायची कशी, चार पट्ट्यांनी फरशीला जखडायची कशी, खुर्चीचा पट्टा वेगळा आणि माणसाचा वेगळा, हे तिथे हाताने करून घेतात. 1 जानेवारी 1997 पासून मोटारीचा परवाना काढलेल्यांना मिनीबस चालवण्याची मुभा आपोआप मिळत नाही, म्हणून जुने स्वयंसेवक थकले की नवे शोधताना तिथल्या संस्थांची दमछाक होते.

आपल्याकडे उलट झालं. 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7500 किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. गरीब चालकांची मोठी सोय झाली. पण पाठीच्या कण्याला मार लागलेल्या माणसाला जिन्यावरून उतरवायचं कसं, हे परवान्यावर कधीच लिहिलेलं नव्हतं. ते शिकवणं आता पूर्णपणे संस्थेच्या गळ्यात आहे.

चाकणच्या मोठ्या कंपन्यांना सीएसआरखाली सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात. तिथे जाणाऱ्या अर्जात दुसऱ्या गाडीऐवजी चालकाचं, मदतनिसाचं आणि खजिनदाराचं प्रशिक्षण मागावं, सोबत निदान दोन वर्षांची देखभाल.