मुक्तस्रोत परिषदेला गर्दी हवी? येळ्ळूरचे संमेलन पाहा

राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या येळ्ळूरमध्ये ग्रामीण मराठी साहित्य संमेलन भरते, तेव्हा ग्रंथदिंडी गावातून फिरते आणि श्रोते तिच्या पाठोपाठ मंडपात येतात. बेळगाव तालुक्यातील कडोली, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा या गावांनीही अशी संमेलने जोपासली आहेत. याच तालुक्यात मच्छे येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असून परिसरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वाण नाही. या भागात मुक्तस्रोत तंत्रज्ञानाची परिषद घ्यायची झाली, तर लोक कसे येतील? उत्तराचा बराचसा भाग साहित्य संमेलनाच्या रीतीतच सापडतो.

मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना खुली असते. परवान्याच्या अटी पाळून ती कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येते. १९९१ साली सुरू झालेले लिनक्स हे त्याचे ठळक उदाहरण. मराठीसाठी यात विशेष अर्थ आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत आणण्यासाठी कोणा कंपनीच्या बाजारपेठेच्या हिशेबावर अवलंबून राहावे लागले नाही. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंकही खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. राज्याच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही या कामात तितकाच हक्काने हात घालता येतो.

अशा परिषदा महानगरांतच भरतात, असे नाही. बेंगळुरूत २००१ साली ‘लिनक्स बंगळूर’ नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ म्हणून ओळखली गेलेली परिषद २०१२ पर्यंत चालली. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत विद्यार्थ्यांनी ‘जीएनयुनिफाय’ उभे केले. तमिळनाडूतील विळुप्पुरमसारख्या लहान शहरात मात्र स्थानिक लिनक्स गटाने आधी ग्रामीण विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम चालवले. जानेवारी २०२३ मध्ये तेथे डेबियन या मुक्तस्रोत प्रकल्पाची छोटी परिषद झाली. परिषदेआधी माणसे जोडलेली असली, की सभागृह भरण्याची चिंता कमी होते.

साहित्य संमेलनाचे निमंत्रण ओळखीच्या माणसाकडून मिळते. परिषदेचे निमंत्रणही महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर न थांबता गावच्या वाचनालयात, शाळेत आणि तरुण मंडळात पोहोचले पाहिजे. नोंदणी विनामूल्य असली की नावे भराभर येतात. माणसे येतातच असे नाही. आदल्या आठवड्यात प्रत्येकाला केलेला फोन येथे उपयोगी पडतो. तारीख ठरवताना परीक्षा, सुगी आणि गावची यात्रा टाळावी. दुपारच्या जेवणाची आणि परतीच्या शेवटच्या बसची सोय आधीच सांगावी. मुलीला एकटीने पाठवावे की नाही, हे घरात बहुधा त्यावरच ठरते.

कार्यक्रमाची आखणी त्याहून महत्त्वाची. सगळी व्याख्याने इंग्रजीत आणि जाणकारांसाठी असतील, तर नवखा दुपारीच घरी जातो. सकाळी मराठीतून, गरज असेल तेथे कन्नडमधूनही, ओळखसत्र घ्यावे. दुपारी प्रत्येकाच्या हातून एखादे लहान काम पुरे व्हावे: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवणे, एका सूचनेचे मराठी भाषांतर करणे किंवा विकिपीडियावरील आपल्या गावाचा लेख दुरुस्त करणे. नवख्या चार-पाच जणांमागे एक अनुभवी स्वयंसेवक असावा. बड्या वक्त्याचे नाव पहिल्या वर्षी गर्दी खेचते. दुसऱ्या वर्षी मात्र पहिल्या वर्षी काहीतरी जमलेला विद्यार्थी मित्राला सोबत घेऊन येतो.

चोर्ला घाटाच्या अलीकडेही ही रीत लागू पडते. गोव्यातील शाळांत आता कोडिंग शिकवले जाते आणि त्यासाठी वापरले जाणारे स्क्रॅच हे मुक्तस्रोतच आहे. ती मुले महाविद्यालयात पोहोचतील, तेव्हा त्यांना सामावून घेणारा गट गावात असावा. त्यासाठी महिन्यातून एकदा, दहा जणांची का होईना, बैठक आतापासून भरवावी लागेल.