नकाराचा मनोव्यापार

विधान नकारार्थी असले म्हणजे ते उमगावयास मनाला अधिक श्रम पडतात, हा सिद्धान्त आता बराच रूढ झाला आहे. तो निराधार नाही. तथापि ज्या वाक्यांवरून तो मुख्यतः काढला गेला ती इंग्रजी वाक्ये होती, आणि त्यांत नकाराचे जवळजवळ एकच रूप होते. ज्या भाषेत 'नाही', 'नव्हे', 'नये' आणि 'नको' ही चार रूपे आपापले काम वेगळेपणाने करतात, त्या भाषेच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. अनुवादकाला तर हा प्रश्न रोज भेटतो.

पीटर वेसन यांच्या १९५९ आणि १९६१ मधील शोधनिबंधांनी या विचाराला निश्चित रूप दिले. अमुक संख्या सम आहे किंवा सम नाही, अशा साध्या विधानांपुढे माणसे बसविली असता नकारार्थी विधानांना वेळ अधिक लागला. काही जण 'सम नाही' याचे मनातल्या मनात 'विषम आहे' असे रूपांतर करून घेत. म्हणजे एकाच भाषेत अनुवाद करीत. पुढे १९८३ साली फिश्लर प्रभृतींनी वाक्य वाचणाऱ्याच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजल्या, तेव्हा याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. एखादा पक्षी हा पक्षी नाही, असे सांगणाऱ्या असत्य वाक्याशी मेंदू फारसा अडखळला नाही. तो पक्षी म्हणजे एखादी भलतीच वस्तू नाही, असे सांगणाऱ्या सत्य वाक्याशी मात्र अडखळला. शब्दांचे साहचर्य आधी जागे झाले, नकार मागाहून पोहोचला.

येथे एक आक्षेप सहज सुचतो. पक्षी ही भलतीच वस्तू नाही, असे शहाणा मनुष्य कशाला सांगत बसेल? ज्याचा कोणी संभव धरला नव्हता त्याचा निषेध व्यर्थ होय, आणि व्यर्थ वाक्य जड जाणारच. वेसन यांनीच १९६५ मध्ये हे दाखविले: आठ वर्तुळांपैकी सात एका रंगाची आणि एक निराळे असले, तर त्या निराळ्या वर्तुळाविषयीचा नकार मनाला सुकर होतो. न्यूलंड आणि कूपरबर्ग यांच्या २००८ मधील प्रयोगातही, संदर्भ योग्य असता मेंदू नकाराची दखल वेळीच घेतो असे आढळले. म्हणजे नकाराला पूर्वपक्ष लागतो. खंडनमंडनाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे नवल वाटू नये.

हे सर्व प्रयोग वस्तुस्थितीच्या नकाराविषयी आहेत. मराठीत तो प्रांत 'नाही'चा. 'नव्हे' तादात्म्य नाकारते. 'नये' औचित्य नाकारते आणि सहसा कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. 'नको' हे सर्वांत विलक्षण. क्रियापदाबरोबर ते निषेधाज्ञा होते ('जाऊ नको'), नामाबरोबर ते अनिच्छा होते ('चहा नको'). ही अनिच्छा कोणाची हे वाक्यात सांगावेच लागते असे नाही.

मनाला उद्देशून केलेल्या नकारांचा सर्वांत प्रसिद्ध मराठी संग्रह म्हणजे रामदासांचे मनाचे श्लोक. २०५ श्लोकांच्या या रचनेतील सहाव्या श्लोकाचे चारही चरण 'नको' या शब्दाने उघडतात. क्रोध आणि काम यांच्याशी 'नको' नामाबरोबर येते, पुढच्याच चरणात ते अंगीकार करण्याच्या क्रियेबरोबर येते. अनिच्छा आणि आज्ञा यांची अशी वीण एकाच श्लोकात आहे. गद्यात आपण 'क्रोध नको' म्हणतो: वस्तू आधी, नकार शेवटी. रामदासांनी क्रम उलटविला. क्रोधाचे नाव कानी पडण्यापूर्वीच मन नकाराने सावध होते. भुजंगप्रयाताची सोय हे याचे एकमेव कारण मानणे म्हणजे कवीला फारच कमी लेखणे होय.

निषेधाने निषिद्धच आठवते, हे दोस्तोयेव्हस्कीने १८६३ मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या निमित्ताने लिहून ठेवले होते. डॅनिएल वेग्नर व सहकाऱ्यांनी १९८७ साली ते प्रयोगाने पडताळले: अस्वलाचा विचार करू नका असे बजावलेल्यांना ते टाळता येईना, आणि पुढे मोकळीक मिळताच ते अधिकच उसळून आले. मात्र ज्यांना त्याऐवजी लाल फोक्सवॅगन मोटारीचा विचार करण्यास सांगितले होते, त्यांच्यात ही उसळी कमी होती. मोटार आणि राम यांची तुलना कोणाला रुचणार नाही. पण मनाच्या श्लोकांची रचना पाहावी. दुसऱ्याच श्लोकात निंद्य सोडण्याबरोबर वंद्य करण्याचा उपदेश येतो. 'नको'ने रिकामी केलेली जागा रिकामी ठेवलेली नाही.

हिंदीत उतरताना अडचण येते ती येथे. 'मत' हे क्रियापदाशीच नांदते. नामासाठी 'नहीं चाहिए' घ्यावे, तर इच्छा कोणाची हा प्रश्न लगेच उभा राहतो. छत्तीसगढीतील 'झन'ही क्रियेचाच निषेध करते. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाल्यावर अनेक प्रांतांचे लोक तेथे आले. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात राहिलेली मराठी कुटुंबे तर त्याहून जुनी. आज स्मृति नगरातील मराठी घराच्या उंबऱ्याआत 'नको' आहे आणि बाहेर 'मत' व 'झन'. अशा घरातले मूल चहा नाकारताना घरात एक शब्द वापरील, शेजारी मात्र त्याला पुरे वाक्य जुळवावे लागेल.

याच प्रदेशात, पेंड्रा येथून, माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. त्यांची घरची भाषा मराठी, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले. रामदासांना हिंदीत आणणाऱ्या कोणाही अनुवादकासमोर दोन वाटा असतात: प्रत्येक 'नको'ला एक क्रियापद पुरवून आज्ञा करावी, किंवा नकार गाळून 'क्रोध सोड' असा होकारी उपदेश करावा. वेसन यांच्या प्रयोगातील माणसांनी 'सम नाही'चे 'विषम आहे' केले, ती ही दुसरी वाट. अर्थ पोहोचतो, वेळही वाचतो. परंतु मनाला स्वतःच्या अनिच्छेची जाणीव करून देणारा तो शब्द वाटेत पडतो. पहिली वाट लांब असली तरी अधिक इमानी आहे, कारण तिच्यात निदान नकार शिल्लक राहतो. दक्खिनी बोलीने मात्र दोन्ही वाटा टाळल्या: तिने मराठीचा शब्दच घेतला आणि त्याचे 'नक्को' केले.