शिडाच्या जहाजाची काष्ठ-प्रतिकृती : 'ट्रिंकोमाली'च्या निमित्ताने

काचेच्या पेटीत ठेवलेली शिडाच्या जहाजाची प्रतिकृती बहुधा शोभेची वस्तू म्हणून पाहिली जाते. पाहणारा दोरखंडांच्या दाट जाळ्याकडे क्षणभर कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. परंतु नौकानयनाच्या व आरमाराच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास प्रतिकृतीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. इतिहासकाराला "जहाजास तीन डोलकाठ्या असून त्यांवर चौकोनी शिडे होती" एवढे लिहून पुढील परिच्छेदाकडे वळता येते. त्याला कोणी अडवीत नाही. प्रतिकृती करणाऱ्यास मात्र ही सवलत नाही. प्रत्येक दोर कोठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो आणि शेवटी कोणत्या खुंटीस बांधला जातो, याचा निर्णय त्यास करावाच लागतो, कारण दोर हवेत सोडता येत नाही. जेथे कागदपत्रे मूक असतात तेथेही लाकडाला काही ना काही आकार द्यावा लागतो. प्रतिकृतीचे संशोधनातील मूल्य आणि तिच्यापासून होणारा धोका ही दोन्ही याच सक्तीतून उद्भवतात.

उदाहरणादाखल येथे 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट घेतली आहे. या जहाजाचा जन्म मुंबईचा. ब्रिटिश आरमाराने 1812 मध्ये त्याची मागणी नोंदविली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 1816 मध्ये बांधणीस प्रारंभ झाला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरले. कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी विधी या वेळीही झाला होता. मागणी व प्रारंभ यांच्यामधील विलंबास एक कारण मोठे विलक्षण आहे. जहाजाचे आराखडे मुंबईस घेऊन येणारी 'जावा' ही फ्रिगेट डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेच्या हाती सापडली आणि आराखडे गेले; ते पुन्हा पाठवावे लागले. ज्या 'लीडा' वर्गात हे जहाज मोडते त्याची आकृतीही मूळची इंग्रजी नव्हे, तर 1782 मध्ये पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटीवरून घेतलेली. म्हणजे फ्रेंच रेषा, इंग्रजी आराखडा, पारशी स्थपती आणि मलबारचा साग असा हा योग होता.

प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न "कशी करावी" हा नसून "कोणत्या वर्षाची करावी" हा आहे. 1817 सालची 'ट्रिंकोमाली' 38 तोफांची फ्रिगेट म्हणून योजलेली, सपाट व रुंद पिछाडीची होती. 1819 मध्ये ती पोर्ट्स्मथला पोहोचली खरी, परंतु युद्धे संपलेली असल्याने सुमारे पंचवीस वर्षे नुसती नांगरून ठेवण्यात आली. 1845 पासून तिची पुनर्रचना झाली. तोफा कमी पण अधिक भारी करण्यात येऊन ती 26 तोफांची कॉर्व्हेट झाली आणि पिछाडीस लंबवर्तुळाकार आकार देण्यात आला. 1847 ते 1857 या काळात ती समुद्रावर होती. पुढे तिचे नाव बदलून 'फूद्रॉयां' असे झाले, प्रशिक्षणासाठी तिचा उपयोग झाला, आणि 1987 मध्ये इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेऊन तिचा दीर्घ जीर्णोद्धार करण्यात आला. 1992 मध्ये मूळ नाव परत मिळाले. आज जे जहाज तेथे पाहावयास मिळते त्याचे प्रत्यक्ष माप घेता येते, ही मोठीच सोय आहे. परंतु ते माप 1817 सालच्या जहाजाचे नव्हे. हार्टलपूल येथील पिछाडी आणि मूळ आराखड्यातील तोफांची मांडणी एकत्र केली तर जे जहाज कोणत्याही वर्षी अस्तित्वात नव्हते त्याची सुंदर प्रतिकृती तयार होईल. अशी मिश्र प्रतिकृती अपुऱ्या प्रतिकृतीहून अधिक वाईट, असे आमचे मत आहे.

आता मापाविषयी. इंग्लंडच्या नौदल-मंडळाच्या जुन्या प्रतिकृती बहुधा एका फुटास पाव इंच, म्हणजे 1:48 या प्रमाणात असत. घरच्या मेजावर काम करणाऱ्यास 1:64 हे प्रमाण, म्हणजे फुटास 3/16 इंच, सोयीचे पडते. लीडा वर्गाच्या तोफांच्या मजल्याची लांबी 150 फूट 1½ इंच व रुंदी 39 फूट 11 इंच. 1:64 प्रमाणात हे अनुक्रमे सुमारे 71.5 व 19 सेंटिमीटर होतात. पुढील तिरकी काठी आणि आडव्या काठ्यांची टोके धरून पेटी याहून बरीच मोठी लागते, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

सागाच्या जहाजाची प्रतिकृती सागाचीच असावी असा मोह होणे स्वाभाविक आहे, तो टाळावा. प्रमाण लहान केले तरी लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. सागाची रंध्रे 1:64 प्रमाणात मोठ्या भेगांसारखी दिसतात, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे सरसही नीट धरत नाही. ज्या तेलामुळे सागात ठोकलेले लोखंड टिकते व जहाज दोनशे वर्षे उभे राहते, तेच येथे आड येते. युरोपात यासाठी नासपती व बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे हेदू व काळा कुडा या बारीक पोताच्या लाकडांचा उपयोग करण्यासारखा आहे.

सांगाडा उभारण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मधोमध उभा फळा घेऊन त्यावर ठरावीक अंतराने जहाजाच्या आडव्या छेदांच्या आकाराचे फलक बसवितात. दुसरीत खऱ्या जहाजाप्रमाणे कण्यावर एकेक वांक, म्हणजे बरगडी, उभी करतात. दुसरी पद्धती श्रमाची असली तरी आराखड्यातील चूक तीतच लवकर उघड होते. कोणत्याही पद्धतीत फळ्या बसविण्यापूर्वी लवचीक पट्टी सांगाड्यावर लांबीने धरून ती सर्वत्र टेकते की नाही हे पाहावे. जेथे ती उचलली जाते तेथे भर घालावी, जेथे अडते तेथे तासावे.

फळ्यांचे गणित साधे परंतु निर्दय आहे. दहा इंच रुंदीची फळी या प्रमाणात सुमारे 4 मिलिमीटर होते. समजा, मध्यभागी कण्यापासून कठड्यापर्यंतचा घेर 20 सेंटिमीटर आहे. तर तेथे 50 फळ्या बसतील. नाळेपाशी हाच घेर 12 सेंटिमीटर भरला, तर प्रत्येक फळी तेथे 2.4 मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागेल. नवशिका फळ्या न तासता मधून सुरुवात करतो आणि नाळेपाशी आल्यावर उरलेल्या जागेत पाचरी ठोकतो. खऱ्या जहाजावर फळी टोकाशी रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करीत नसत, कारण अशा चिंचोळ्या टोकात खिळा धरत नाही. तेथे दोन फळ्यांच्या जागी एक घेत. तळाच्या तांब्याच्या पत्र्यांबाबतही असाच विवेक हवा. चार फूट लांब व चौदा इंच रुंद पत्रा सुमारे 19 × 5.6 मिलिमीटर होतो व तो करता येतो; परंतु अर्ध्या इंचाच्या खिळ्याचे डोके 0.2 मिलिमीटर भरते. बाजारातील तयार पत्र्यांवर हे खिळे मोहरीएवढे उठविलेले असतात. ते मुळीच न दाखविणे अधिक सत्य होय.

दोरखंड हा या कलेचा सर्वांत कठीण आणि सर्वांत बोलका भाग. त्याचे दोन वर्ग आहेत : डोलकाठ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे स्थिर ताण, आणि शिडे व आडव्या काठ्या हालविणारे चालते दोर. पहिल्यांना डांबर दिलेले असल्याने ते काळपट, दुसरे तागासारखे फिकट. अनेक प्रतिकृतींत हा भेद पाळला जातो, पण जाडी मात्र दोनतीन प्रकारच्या दोऱ्यांत भागविली जाते. येथे एक सापळा आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत, उदाहरणार्थ डेव्हिड स्टील याच्या 1794 च्या ग्रंथात, दोराचे माप व्यासाने नव्हे तर परिघाने दिलेले असते. "नऊ इंची दोर" म्हणजे 2.86 इंच व्यासाचा. 1:64 प्रमाणात तो सुमारे 1.1 मिलिमीटर होतो. हे न जाणणारा तिपटीहून जाड दोर लावतो आणि मग जहाज साखळदंडांनी जखडल्यासारखे दिसते. तीन इंची चालता दोर 0.4 मिलिमीटरपेक्षाही बारीक येतो. हवी ती जाडी बाजारात मिळत नाही, म्हणून छोट्या यंत्रावर दोर स्वतःच वळावा. सूत एका दिशेने, पेड उलट दिशेने आणि दोर पुन्हा त्याच्या उलट वळला की तो आपोआप मिटून राहतो.

बांधण्याच्या क्रमातच जहाजाचे यंत्रशास्त्र आहे. डोलकाठीचे बाजूचे ताण जोडीजोडीने येतात : एकच दोर दुमडून त्याचा फास माथ्यावर चढवितात व दोन्ही टोके एकाच बाजूस खाली आणतात. पहिली जोडी उजव्या बाजूची, सर्वांत पुढची. नंतर डाव्या बाजूची पुढची. मग पुन्हा उजवी. पुढे जाणारा मुख्य ताण या सर्वांच्या वर, शेवटी चढतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या प्रतिकृतीत सोयीसाठी उजव्या बाजूचे सर्व ताण आधी बांधून टाकले. डोलकाठी उजवीकडे कलली. ती सरळ करण्यासाठी डावे ताण अधिक ओढले, तेव्हा ती मधोमध वाकली. तीन आठवड्यांचे काम कातरीने सोडवावे लागले. आलटून पालटून बांधण्याची खलाशांची पद्धत केवळ शिरस्ता नव्हता, हे त्या दिवशी कळले.

ताणांच्या खालच्या टोकास तीन भोकांचे गोल ठोकळे असतात. वरचा व खालचा ठोकळा यांमधून बारीक दोर ओवून ताण आवळतात. वरचे सर्व ठोकळे एका रेषेत यावयास हवे असतील तर तारेचा एक ठरावीक लांबीचा आकडा करून प्रत्येक जोडीत तेच अंतर राखावे. नंतर शिडीच्या पायऱ्यांचे आडवे दोर, तेरा ते पंधरा इंचांच्या अंतराने, म्हणजे येथे सुमारे 5 ते 6 मिलिमीटरवर. मधल्या ताणांवर त्यांची खुंटीगाठ असते. ही गाठ जरा जास्त आवळली की ताण आत ओढले जाऊन शिडीला कंबर येते, आणि अनुभवी डोळ्यास सर्वांत आधी तीच खुपते. आडव्या काठ्यांवरील कप्प्या मात्र काठी वर चढविण्यापूर्वीच बांधून घ्याव्यात. एकदा काठी जागेवर गेली की तेथे बोट पोहोचत नाही.

आपल्याकडील पावसाळ्याचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. सुती किंवा अळशीचा वळलेला दोर दमट हवेत आखडतो व सुकल्यावर सैल पडतो; जुलैत ताठ बांधलेले दोर जानेवारीत लोंबतात. म्हणून दोरखंडाचे काम कोरड्या ऋतूत, मध्यम ताणावर करावे.

आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले पाहिजे. 'ट्रिंकोमाली'पुरते तरी आराखडे आहेत, समकालीन ग्रंथ आहेत, खुद्द जहाज आहे. मराठ्यांच्या आरमारातील गुराब घेतली तर यांपैकी काय हाती आहे? रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केलेले वर्णन आहे : गुराबांना बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोनांची 150 टनांहून अधिक नाही, लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ आणि पुढे निमुळते लांब नाकाड. गलबते क्वचितच 70 टनांपलीकडची. यावरून बाह्य आकाराचा अदमास बांधता येतो, पण कण्याची वक्रता, वांकांचे अंतर, दोरांची बांधणी यांतील काहीही ठरत नाही. तरीही प्रतिकृती करणारा हे सर्व भरून काढतो, कारण त्यास ते भरावेच लागते. आणि पेटीतील गुराब पाहून विद्यार्थी ती प्रमाण मानतो. येथे प्रतिकृती करू नये असे आम्ही म्हणत नाही. जुन्या नौदल-मंडळाच्या प्रतिकृतींत खालच्या भागास फळ्या न लावता सांगाडा उघडा ठेवण्याची रीत होती. त्याच धर्तीवर अनुमानित भाग निराळ्या रंगाच्या लाकडात करणे, अथवा अनिश्चित दोरखंड सोडून केवळ डोलकाठ्या उभ्या करणे, हे अधिक प्रामाणिक ठरेल. दोरखंडावाचून जहाज अपुरे दिसते, ही तक्रार संग्रहालयाने सोसावी.

प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक टिपणवही असावी : कोणते माप कोठून घेतले, कोणते ताडून पाहिले, कोणते कल्पिले. नेपोलियनच्या काळात इंग्लंडच्या कैदेत असलेल्या फ्रेंच कैद्यांनी हाडांच्या ज्या नाजूक प्रतिकृती केल्या त्यांत डोलकाठ्या बहुधा प्रमाणाबाहेर उंच आहेत. करणाऱ्यांनी त्या विकण्यासाठी केल्या, हे ठाऊक असल्यामुळेच त्यांचा गैरसमज होत नाही.

पेटीविषयी एक सूचना. तोफा शिशाच्या ओतू नयेत. ओक व काही अन्य लाकडांतून निघणारी आम्ल वाफ बंद पेटीत कोंडली की शिशाचे पांढरे चूर्ण होते व तोफा फुगून फुटतात. पितळ कातून घ्यावे, आणि पेटीच्या तळाशी हवा खेळण्यास बारीक जाळी लावलेली भोके ठेवावीत.