हृदयजंत : दोष एकट्या जंताचा नाही

11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएडासह दिल्ली परिसरातले भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि 22 ऑगस्टला तो बदलला. कुत्र्यांविषयीची भीती अशी तापलेली असताना कुत्र्यांना होणाऱ्या हृदयजंताच्या आजाराची माहिती तरी अचूक हवी. हा आजार कुत्र्याला शिवल्याने किंवा त्याने चाटल्याने पसरत नाही. अळ्या वाहून नेतो तो डास. भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. त्यामुळे नोएडातल्या प्रत्येक खोकणाऱ्या कुत्र्यावर त्याचा शिक्का मारणे चूक, आणि ईशान्येतून आणलेल्या कुत्र्याची तपासणी टाळणे हीही चूक.

नावामुळे वाटते की जंत हृदयात अडकून रक्त अडवतो. प्रत्यक्षात वीत-दीड वीत लांबीच्या प्रौढ जंतांचे मुख्य घर फुप्फुसांच्या धमन्या हे आहे. तिथे धमनीचे अस्तर सुजते, भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. यात जंतासोबत वोल्बाकिया या जिवाणूचाही हात असतो. तो जंताच्या पेशींत राहतो, त्याच्यावाचून जंताची वाढ आणि वीण खुंटते. जंत मरताना हे जिवाणू बाहेर पडतात आणि दाह भडकतो. या आजारात नव्या रक्तवाहिन्या फुटणे म्हणजे शरीराची दुरुस्तीच, हाही गैरसमज. कुत्र्याच्या अस्तरपेशींवरील प्रयोगांत जंताच्या अर्कामुळे वाहिन्यांच्या वाढीचे संदेश देणाऱ्या प्रथिनांत बदल झाले. परजीवी यजमानाच्या वाहिन्यांची घडण बदलू शकतो, असा त्याचा अर्थ.

काचपात्रातल्या पेशी म्हणजे जिवंत कुत्रा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माणसातला पुरावा पाहावा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हत्तीरोगाच्या जंतातही वोल्बाकिया असतो. घानातील, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्सिसायक्लिन दिल्यावर रुग्णांच्या लसिकावाहिन्यांचा फुगवटा आणि वाहिनीवाढीशी निगडित घटक दोन्ही घटले. मग हे प्रतिजैविकच पुरेसे का नाही? कारण ते जिवाणूला मारते, जंत दुबळा करते, पण प्रौढ जंतांचा झटपट निकाल लावत नाही. म्हणूनच अमेरिकन हार्टवर्म सोसायटीच्या उपचारक्रमात आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि पुढे प्रौढ जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनची इंजेक्शने आहेत. दुकानातून गोळ्या आणून हा क्रम घरी साधत नाही. पशुवैद्यकाकडून तपासणी, त्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध आणि डासांचा बंदोबस्त, यांनीच कुत्र्याच्या धमन्या वाचतात.