फिरत्या दवाखान्यातील शीतपेटी : निवड आणि अनुभव

दोन वर्षांपूर्वी आपल्या संघाच्या कार्यकारिणीत फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी बदलण्याचा विषय निघाला. गाडी कोणती घ्यावी यावर तासभर चर्चा झाली. गाडीतला फ्रीज कोणता घ्यावा यावर अर्धे मिनिटही नाही. ‘चाळीस लिटरचा एखादा चांगला बघून घ्या’ एवढे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी व्यवसायाने फिजिशियन, विजेच्या बाबतीत अडाणी. त्यामुळे जे शिकलो ते बहुतांशी चुका करूनच शिकलो. स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाचा आग्रह धरला तेव्हा वाटले की, हाच अनुभव सविस्तर मांडावा. कारण निपाणी, धारवाड, कोल्हापूर येथील काही व्यवसायबंधू अशीच गाडी सुरू करण्याच्या विचारात आहेत, असे कानावर आले आहे.

आपली गाडी महिन्यातून दोनदा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जाते. तिकडचा पाऊस आणि तिकडची वीज या दोन्हींचा परिचय बेळगावकरांना करून देण्याची गरज नाही. शिबिर एक दिवसाचे असले तर गाडी सकाळी सातला निघून रात्री आठपर्यंत परतते. दोन दिवसांचे असले तर रात्री एखाद्या शाळेच्या आवारात मुक्काम होतो. या सर्व काळात पेटीमध्ये असतात इन्शुलिन, श्वानदंशावरची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, टीडी, ऑक्सिटोसिन आणि प्रसंगी हिपॅटायटिस-बीची लस. या सर्वांना २ ते ८ अंश सेल्सिअस एवढेच तापमान मानवते. सर्पविषावरचे औषध आपण मुद्दाम भुकटीच्या स्वरूपातले घेतो. ते पेटीबाहेर राहू शकते. द्रवरूप औषधाला मात्र थंडी हवीच. सरकारी लसीकरणाच्या लशी आपण या पेटीत ठेवत नाही. त्या आरोग्य केंद्राच्या स्वतःच्या लसवाहक डब्यातून, बर्फाच्या पॅकसह येतात आणि तशाच परत जातात. ही शिस्त आपणही मोडू नये.

बाजारात चौकशी केली तेव्हा चार मार्ग समोर आले.

पहिला मार्ग घरचा लहान फ्रीज आणि इन्व्हर्टर. जुन्या गाडीत हाच होता. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि ते फ्रीजला द्यायचे, यात इन्व्हर्टर स्वतःच बरीच वीज खातो. शिवाय घरगुती कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, तेव्हा इन्व्हर्टर मान टाकतो. दार समोरून उघडणारे असल्याने दर खेपेस सगळी थंड हवा पायावर सांडते. जांबोटीच्या वळणांवर ते दार आपोआपही उघडे, ही गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग शोषण पद्धतीच्या फ्रीजचा. यात कॉम्प्रेसर नसतोच. उष्णता देऊन अमोनिया आणि पाणी यांचे चक्र चालवायचे. स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली आणि पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती घरोघरी नेली. मोटारीमागे घरगाडी ओढत सहलीला जाणाऱ्या अमेरिकन कुटुंबांमध्ये गॅसवर चालणारा हाच फ्रीज अनेक दशके रूढ होता. आवाज नाही, बॅटरीची चिंता नाही. परंतु त्याला जमीन जवळजवळ सपाट लागते आणि गॅसची ज्योत लागते. ऑक्सिजनचे सिलिंडर आणि स्पिरिटच्या बाटल्या असलेल्या गाडीत ज्योत पेटवण्याचा विचार कोणताही शहाणा डॉक्टर करणार नाही. तोच फ्रीज १२ व्होल्टवर चालवला तर सात-आठ अँपिअर अखंड ओढतो. म्हणजे एका अहोरात्रीत पावणेदोनशे अँपिअर-तासांच्या आसपास. हा मार्गही बंद.

तिसरा मार्ग सर्वांत मोहक, कारण सर्वांत स्वस्त. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायची, ‘थंडही करते आणि गरमही करते’ अशी जाहिरात असणारी पेटी. ती १८३४ साली पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिलेल्या परिणामावर चालते : दोन वेगवेगळ्या वाहकांच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह सोडला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. फिरणारा भाग म्हणाल तर केवळ पंखा. पण या पेटीची मर्यादा अशी की, ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारणतः पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकते. बाहेर ४० असेल तर आत २० ते २५. लिंबू सरबताला ते पुरेसे आहे, इन्शुलिनच्या साठ्याला नाही. शिवाय तापमान गाठताच येत नसल्यामुळे ती कधी थांबतच नाही आणि चार-पाच अँपिअर सतत घेत राहते. एका सभासदांनी प्रेमाने अशी पेटी भेट दिली होती. आता तिच्यात आमच्या चमूचे जेवणाचे डबे असतात आणि त्या कामी ती उत्तम आहे.

उरला चौथा मार्ग : थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर. डॅनफॉस या डॅनिश कंपनीच्या बीडी मालिकेने या प्रकारच्या कॉम्प्रेसरचे नाव केले. २०१० पासून तो विभाग सेकॉप या नावाने वेगळा झाला. आता चीनमध्ये तयार झालेलेही पुष्कळ येतात. यातली मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा धक्का नाही. चालू असताना ४५ वॅटच्या आसपास वीज लागते, परंतु हवे ते तापमान आले की ती थांबते. गाडी घाटात कलली तरी बिघडत नाही. आपण वरून उघडणारी, चाळीस लिटरची पेटी घेतली. थंड हवा जड असते. झाकण वर असले की ती आतच बसून राहते.

इथे माझे काम संपले असे मला वाटले. प्रत्यक्षात ते इथे सुरू झाले.

आधी विजेचा हिशेब सांगतो, कारण विक्रेता तो सांगत नाही. माहितीपत्रकात छापलेला वापर बहुधा २५ अंशांच्या खोलीतला असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दुपारी पन्नास अंश सहज होतात. आम्ही बॅटरीच्या तारेवर मोजणीयंत्र लावून पाहिले. डिसेंबरात आपल्या पेटीने २४ तासांत २० अँपिअर-तास घेतले आणि एप्रिलच्या शेवटी ४४. पेटी तीच, सामान तेच. म्हणून बॅटरी निवडताना एप्रिलचा आकडा धरावा आणि वर एक दिवसाची शिल्लक ठेवावी. शिसे-आम्लाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती आले ५०. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८०-९० मिळतात आणि तिचे वजन निम्म्याहून कमी. ती महाग आहे, हे खरे. आपण प्रथम घरच्या इन्व्हर्टरची असते तशी ट्यूब्युलर बॅटरी घेतली, एक उन्हाळा काढला आणि मग लिथियमकडे वळलो. दोनदा पैसे गेले, त्याची जबाबदारी माझी.

बॅटरी कोणतीही असो, ती गाडी सुरू करण्याच्या बॅटरीहून स्वतंत्रच असावी. एकाच बॅटरीवर फ्रीज चालवून सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी आली की हे पटते. इंजिन चालू असताना दुसरी बॅटरी भरण्यासाठी मध्ये योग्य चार्जर बसवून घ्यावा. लिथियमला तो हवाच. छतावरचे १०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला तीस-एक अँपिअर-तास देते. कणकुंबीच्या जुलैमध्ये त्याच्यावर पाण्याशिवाय काही पडत नाही.

आता तारेची गोष्ट. पहिल्याच शिबिरात चोर्ल्याच्या रस्त्यावर पेटी बंद पडली. लाल दिवा एकदा लुकलुके, थांबे, पुन्हा लुकलुके. पुस्तिका म्हणे, बॅटरी उतरली. बॅटरी पाहिली तर चांगली भरलेली. आमचे चालक म्हणाले, “डॉक्टर, बॅटरी ठीक आहे, मधेच कुठंतरी गळती आहे बघा.” त्यांचे निदान माझ्यापेक्षा अचूक निघाले. बॅटरी चालकाच्या आसनाखाली, पेटी मागच्या टोकाला, अंतर सहा मीटर. गॅरेजवाल्याने घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली होती. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम. जाऊन-येऊन बारा मीटर तार, त्यातून पाच अँपिअर प्रवाह : वाटेतच ०.७ व्होल्ट नाहीसे! घरच्या २३० व्होल्टमध्ये एवढी घट कोणी मोजणार नाही. १२ व्होल्टच्या जगात मात्र बॅटरीपाशी १२ असले तर पेटीपाशी ११.३ उरतात, आणि बॅटरीच्या रक्षणासाठी पेटीत जी तोडव्यवस्था असते, तिला वाटते की बॅटरी मरायला टेकली आहे. चार स्क्वेअर एमएमची तार टाकल्यावर हीच घट पाव व्होल्टच्या जरा वर आली. सहाची टाकली असती तर अधिक चांगले. त्याच वेळी तोडव्यवस्था ‘उच्च’वरून ‘नीच’वर आणली, स्वतंत्र बॅटरी असताना उच्च ठेवण्याचे कारण नसते. सिगारेट लायटरचे सॉकेटही काढून टाकले. खड्ड्यांत ते सैल होते, आणि पेटी बंद पडल्याचे कोणाला कळतही नाही. बॅटरीजवळ फ्यूज मात्र विसरू नये.

यापुढचा प्रसंग सांगताना आजही संकोच वाटतो. गेल्या डिसेंबरात सफाई कामगारांसाठी हिपॅटायटिस-बीचा पहिला डोस ठेवला होता. दहा-दहा मात्रांच्या चार कुप्या आदल्या संध्याकाळी पेटीत ठेवल्या. दुपारच्या उन्हाची धास्ती मनात होती, म्हणून मी पेटीचा आकडा २ अंशांवर नेला. म्हटले, जरा हातचे राखून असावे. सकाळी सिस्टरांनी झाकण उघडले आणि हाक मारली, “सर, ह्या कुप्या भिंतीला चिकटल्यात बघा.” दोन कुप्यांत उघड बर्फ होता. पेटीच्या पडद्यावर मात्र ३ अंश असा निष्पाप आकडा.

कारण नंतर उमगले. या पेट्यांमध्ये थंडावा देणारा पत्रा भिंतीतच असतो आणि कॉम्प्रेसर चालू असताना तो शून्याच्या बराच खाली जातो. पडद्यावर दिसते ते एका ठिकाणच्या संवेदकाचे तापमान. भिंतीला टेकलेल्या कुपीचे नव्हे. हिपॅटायटिस-बीची लस शून्याच्या अर्धा अंश खालीच गोठते. ज्या दोन कुप्यांत बर्फ दिसला त्या तत्काळ बाद. उरलेल्या दोन संशयित. बर्फाची एक कुपी वितळू दिली आणि तिच्याबरोबर या दोन हलवून शेजारी ठेवल्या. आपण विद्यार्थिदशेत शिकलेली हीच ती हलवून पाहण्याची चाचणी. काही मिनिटांत तिन्हींच्या तळाशी सारख्याच वेगाने साका बसला आणि वर पाणी निवळले. चाळीस मात्रा गेल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आलेल्या माणसांना हात जोडून पुढच्या महिन्याची तारीख दिली.

सिस्टरांनी पाहिले नसते तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी पाठ सोडीना. गोठलेली लस टोचल्याने कोणी आजारी पडत नाही, ताप येत नाही, तक्रार येत नाही. कार्डावर शिक्का पडतो. कामगार पुढची दहा वर्षे रुग्णालयाच्या कचऱ्यात हात घालतो, आपण सुरक्षित आहोत या समजुतीने. उष्णतेची धास्ती आपणा सर्वांना असते; थंडीने बिघडणारी औषधे अधिक घातक, कारण त्यांच्याविषयी आपण बेसावध असतो. इन्शुलिनचेही तेच : एकदा गोठलेले इन्शुलिन वितळून पूर्ववत दिसले तरी वापरू नये.

त्यानंतर पेटीचा आकडा ५ अंशांवर स्थिर केला. कुप्या छिद्रांच्या प्लॅस्टिक टोपलीत, चारही भिंतींपासून दोन बोटे अंतर राखून मधोमध असतात. रिकाम्या जागेत साध्या पाण्याच्या बाटल्या भरतो. त्या आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड झाल्या की प्रवासात तापमान सावकाश हलते. पेटीच्या जाळीभोवती हवा खेळायला चार बोटे जागा सोडली आहे. तिथे ब्लँकेट ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. आणि टोपलीत, कुप्यांच्या मध्ये, दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारे एक छोटे यंत्र असते. पेटीचा पडदा काय म्हणतो याकडे आता कोणी लक्ष देत नाही.

अशा पेट्या मुळात सहलीसाठी बनतात, लशींसाठी नव्हे. कुपी भिंतीला टेकली तरी गोठू नये अशी रचना असलेल्या आणि ४३ अंशांच्या बाहेरच्या उष्णतेत तपासलेल्या वैद्यकीय पेट्याही मिळतात. ज्या संघाची ऐपत असेल त्याने सरळ त्याच घ्याव्यात. आपल्याला दोन्ही बॅटऱ्यांचा खर्च झाल्यावर ते शक्य नव्हते.

शिबिर संपले की सिस्टर यंत्रातील नोंद काढतात, किमान आणि कमाल आकडा गाडीतल्या वहीत लिहितात आणि शेजारी ड्यूटीवरच्या डॉक्टरची सही घेतात. आकडा २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेला असेल तर त्या दिवशीचे उरलेले औषध बाजूला काढून त्यावर लाल चिठ्ठी लागते. एप्रिलच्या शिबिरात कमाल ७.४ होता, जानेवारीत किमान ३.६. वही गाडीच्या मागच्या दारापाशी दोरीला अडकवलेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पहिल्या किंवा तिसऱ्या रविवारी सकाळी सातच्या आत यावे.